'गेट'चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

प्रश्न असा आहे : 'गेट' या इंग्रजी क्रियापदाला शब्दकोशात पानंच्या पानं अर्थ दिलेले असतात. ते लक्षात कसे ठेवायचे? समोर वाक्य आलं की त्यातला नेमका अर्थ कसा ओळखायचा? आणि लेखी इंग्रजीत हे क्रियापद टाळावं असं शिकवतात, ते खरं का? (फाटकाला म्हणतो ते गेट वेगळं. त्याचा इथे काही संबंध नाही.)

लक्षात ठेवायच्या भानगडीत पडूच नका, हे पहिल्या भागाचं उत्तर. शिकवताना आणि भाषांतर करताना मी पुष्कळांना 'गेट'चे अर्थ वहीत उतरवून पाठ करताना पाहिलंय. त्यातल्या फार थोड्यांना ते बोलताना आठवतात. कारण असं की ती यादी कोशकारांच्या सोयीची असते. एकच क्रियापद वेगवेगळ्या शब्दांच्या शेजारी बसलं की त्याची छटा बदलते, आणि कोशकार प्रत्येक छटेला क्रमांक देतो. ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या वीसखंडी कोशात 'सेट' या इवल्याशा क्रियापदाला चारशेहून जास्त अर्थ दिले होते, आणि पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन' त्याच्याही पुढे गेलं. इंग्रज माणूस काही हे चारशे अर्थ डोक्यात घेऊन फिरत नाही.

तुम्हीही फिरत नाही. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, दार लागतं, फोन लागतो, वेळ लागतो, गाडीत बसलं की काहींना गाडी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, एखादं बोलणं मनाला लागतं. शिवाय 'पाऊस पडायला लागला' मधलं लागणे म्हणजे सुरुवात, आणि 'मला जावं लागलं' मधलं लागणे म्हणजे सक्ती. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ही यादी पाहिली तर तो वही मिटून ठेवील. आपण मात्र कधी अडत नाही. शेजारी 'भूक' आहे की 'निकाल', आधी '-आयला' आहे की '-आवं', यावरून अर्थ आपोआप कळतो. 'गेट'चंही अगदी असंच चालतं. फक्त मराठीत खूण क्रियापदाच्या आधी असते आणि इंग्रजीत नंतर. म्हणून 'गेट' दिसलं की त्याच्यावर थांबू नका, पुढचा शब्द वाचा.

पण त्याआधी सगळ्या उपयोगांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगतो. ती पटली तर निम्मं काम झालं.

इंग्रजीत 'बी' आणि 'हॅव' ही क्रियापदं स्थिती सांगतात : असणे, जवळ असणे. 'गेट' त्या स्थितीत शिरणं सांगतं. नव्हतं, ते झालं. 'आय हॅव अ जॉब' म्हणजे मला नोकरी आहे. 'आय गॉट अ जॉब' म्हणजे नोकरी लागली. 'इट इज डार्क' म्हणजे अंधार आहे. 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडायला लागलाय. 'वी आर ॲट द स्टेशन' म्हणजे आम्ही स्टेशनवर आहोत. 'वी गॉट टू द स्टेशन' म्हणजे पोचलो. 'आय नो हिम' म्हणजे मी त्याला ओळखतो. 'आय गॉट टू नो हिम' म्हणजे त्याच्याशी हळूहळू ओळख झाली. शब्दकोशात हे चार वेगळे अर्थ आहेत : मिळणे, होणे, पोचणे, लागणे. इंग्रजी मनात ती एकच हालचाल आहे.

आज्ञार्थात हा फरक फार स्वच्छ दिसतो. 'बी रेडी ॲट सिक्स' म्हणजे सहाला तयार राहा. 'गेट रेडी' म्हणजे आवर आता. मराठीत आपण दोन निराळी क्रियापदं वापरतो म्हणून आपल्याला हा भेद सहज कळायला हवा, पण इंग्रजी बोलताना तो पुष्कळदा निसटतो. लग्नाचंच बघा. 'माझं लग्न झालंय' हे 'आय ॲम मॅरीड', आणि 'माझं लग्न २०१० साली झालं' हे 'आय गॉट मॅरीड इन २०१०'. आता 'दहा वर्षं झाली लग्नाला' हे कसं म्हणाल? 'आय गॉट मॅरीड सिन्स टेन इयर्स' हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. गेट ही शिरण्याची क्रिया आहे. शिरणं दहा वर्षं चालत नाही. दहा वर्षं चालते ती स्थिती, म्हणून तिथे 'बी' येणार : 'आय हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स.' जाता जाता, इंग्रजीत लग्न 'विथ' कुणाशी होत नाही, 'टू' होतं. मराठीतल्या 'शी' प्रत्ययाने आपली दिशाभूल केलेली असते.

आता पुढचा शब्द.

पुढे नाम असेल तर मिळणे, आणणे, घेणे यांपैकी काहीतरी. 'आय गॉट अ लेटर' : पत्र आलं. 'गेट मी अ चेअर' : मला एक खुर्ची आण. 'आय विल गेट द बस' : बसने जाईन. दारावर टकटक झाली की घरातला कुणीतरी 'आय विल गेट इट' म्हणतो, म्हणजे मी बघतो कोण आहे. आजारही याच साच्यात बसतात. इथे एका 'अ'ची जागा जपावी लागते. 'आय ॲम गेटिंग कोल्ड' म्हणजे मला थंडी वाजायला लागलीय, 'आय ॲम गेटिंग अ कोल्ड' म्हणजे सर्दी होतेय असं वाटतंय. आणि 'आय विल गेट यू' या वाक्यापुढे काहीच नसेल तर ती धमकी आहे : बघून घेईन तुला. पुढे 'अ चेअर' आलं की तेच वाक्य पाहुणचाराचं होतं.

पुढे विशेषण असेल तर होणे : 'गेट अँग्री', 'गेट ओल्ड', 'गेट बेटर'. यात फारसं शिकण्यासारखं काही नाही.

पुढे जागा असेल तर पोचणे. नाम असेल तर मध्ये 'टू' हवा. पण 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी तो येत नाही. 'आय गॉट टू होम' म्हणू नका.

पुढे 'टू' आणि त्यानंतर क्रियापद असेल तर जरा थांबा, कारण इथे तीन वाटा फुटतात. 'आय गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली. यात थोडा आनंद, थोडं नशीब आहे. म्हणूनच लहान मुलं तक्रार करताना 'हाऊ कम शी गेट्स टू स्टे अप' म्हणतात : तिला जागायला मिळतं, मग मला का नाही? दुसरी वाट 'नो', 'लाइक' अशा क्रियापदांची. तिथे अर्थ हळूहळू घडत जाण्याचा. तिसरी वाट सक्तीची, पण तिला मागे 'हॅव' लागतो : 'आय हॅव गॉट टू गो', मला जावं लागेल. बोलण्यात हा 'हॅव' इतका झिजतो की ऐकू येतो तो नुसता 'गॉटा'. मग 'आय गॉट टू गो' हे संधी मिळाली की जावं लागतंय, हे ठरवायचं कसं? प्रसंगावरून आणि काळावरून. भूतकाळाची गोष्ट सांगतोय तर संधी. आत्ता उठून निघतोय तर सक्ती.

या 'हॅव गॉट'मुळे वरचा सगळा नियम मोडल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचा खुलासा करतो. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ही सरळ सरळ स्थिती. मुळात त्याचा अर्थ 'मी गाडी मिळवलेली आहे' असा होता. आणि जे मिळवलेलं आहे ते जवळ असणारच, म्हणून कालांतराने मिळवण्याचा भाग गळाला आणि जवळ असणं उरलं. अमेरिकेत या दोन अर्थांसाठी दोन रूपं शिल्लक आहेत. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे आहे; 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मिळवली, घेतली. ब्रिटिश लोक 'गॉटन'ला अमेरिकन समजून नाक मुरडतात, ते काही खरं नाही. 'गॉटन' हे जुनं इंग्रजी रूप आहे, १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्येही ते सापडतं. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि अटलांटिकपलीकडे टिकलं. 'फरगॉटन' मात्र दोन्हीकडे आहे.

'फरगॉटन'वरून आठवलं. 'गेट' इंग्रजीत आलं ते उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून. त्यांच्या टोळ्या नवव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वस्ती करून राहिल्या होत्या. त्यांचं 'गेटा' म्हणजे मिळवणं, हाती लागणं. इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ आधीपासून होता, पण तो एकटा कधी वापरला जात नसे, उपसर्ग लावूनच येई. 'फरगेट' त्यातलाच : हाती असलेलं निसटणं. विसरण्याला 'हातातून निसटणं' म्हणणारे ते लोक मला तरी फार आवडतात.

'हॅव गॉट'ची एक मर्यादा शाळेत क्वचितच सांगितली जाते. ते आत्ताच्या गोष्टीसाठी आहे. डोकं आत्ता दुखतंय तर 'आय हॅव गॉट अ हेडेक'. नेहमी दुखतं तर 'आय ऑफन गेट हेडेक्स'. 'आय ऑफन हॅव गॉट' असं कुणी म्हणत नाही. भूतकाळात 'माझ्याकडे गाडी होती' हे सांगायला साधं 'आय हॅड अ कार' पुरतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा साचा, कारण मराठी माणूस इथेच हमखास अडखळतो : 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट द लॅपटॉप रिपेअर्ड'. आपण मराठीत 'मी केस कापले', 'मी लॅपटॉप दुरुस्त केला', 'आम्ही घर बांधलं' असं बिनदिक्कत म्हणतो. कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. इंग्रजीत 'आय रिपेअर्ड माय लॅपटॉप' म्हटलंत तर समोरचा समजेल की स्क्रू ड्रायव्हर घेऊन तुम्ही स्वतः बसला होतात. दुसऱ्याकडून काम करवून घेतलं की 'गेट' हवं. मराठीत 'कापून घेतले', 'दुरुस्त करून घेतला' असं म्हणण्याची सोय आहे. इंग्रजी बोलण्याआधी मनात 'करून घेतलं' असं वाक्य जुळवलंत तर 'गेट' आपोआप जागेवर पडतं.

मात्र हाच साचा नको असलेल्या गोष्टीलाही चालतो. 'ही गॉट हिज वॉलेट स्टोलन' म्हणजे त्याने पाकीट चोरवून घेतलं नाही, त्याचं पाकीट मारलं गेलं. करवून घेतलं की भोगलं, हे इंग्रजी रचना सांगत नाही; शहाणपण सांगतं.

वस्तूच्या जागी माणूस आला की अर्थ गळी उतरवण्याचा, राजी करण्याचा होतो : 'आय गॉट हिम टू साइन', मी त्याला सही करायला लावलं. इथे 'टू' सोडू नका. 'मेक', 'लेट' आणि 'हॅव' यांना तो लागत नाही, 'गेट'ला लागतो. अर्थातही फरक आहे. 'आय मेड हिम साइन'मध्ये जबरदस्ती आहे, 'आय गॉट हिम टू साइन'मध्ये मनधरणी, युक्ती, चिकाटी. पहिलं वाक्य ऐकून त्या माणसाची कीव येते, दुसरं ऐकून बोलणाऱ्याचं कौतुक वाटतं.

आणि मध्ये काहीच न येता थेट तिसरं रूप आलं तर ते कर्मणी : 'शी गॉट प्रमोटेड', 'दे गॉट कॉट'. 'वॉज प्रमोटेड' आणि 'गॉट प्रमोटेड' यांत व्याकरणाने फार अंतर नाही, पण सुरात आहे. 'गॉट' आलं की त्या माणसाच्या बाबतीत बरं किंवा वाईट काहीतरी घडलं असा सूर लागतो, आणि कधी कधी त्यात त्याचाही थोडा हात होता असं सुचवलं जातं. म्हणून बढती, हकालपट्टी, अपघात, पकडलं जाणं यांना ते शोभतं. 'पूल १९५० साली बांधला गेला' अशा कोरड्या माहितीला ते शोभत नाही. तिथे 'वॉज बिल्ट'च बरं. आणि जिथे काही घडतच नाही, अशा क्रियापदांना ते चालत नाही. 'त्याचा तिरस्कार केला जात असे' याचं 'ही गॉट हेटेड' होत नाही, 'ही वॉज हेटेड'च.

नामांशिवाय, विशेषणांशिवाय उरतात ती 'अप', 'ओव्हर', 'बाय' अशी शेपटं लागलेली रूपं. ती मात्र एकेक शिकावी लागतात, त्याला इलाज नाही. पण इंग्रजी अर्थ इंग्रजीत घोकण्यापेक्षा प्रत्येकाला मराठीतला नेमका वाक्प्रचार शोधा. तो सापडला की शब्द कायमचा बसतो. 'गेट बाय' म्हणजे भागवणे. 'गेट अवे विथ इट' म्हणजे खपून जाणे किंवा पचणे : खोटं बोलला आणि त्याला ते पचलं. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट' म्हणजे तुझा रोख कुठे आहे. 'गेट ऑन माय नर्व्हज' म्हणजे डोक्यात जाणे. 'गेट कॅरीड अवे' म्हणजे वाहवत जाणे. 'गेट द हँग ऑफ इट' म्हणजे हात बसणे. 'गेट ओव्हर' आजारातून उठण्यालाही आहे आणि दुःखातून सावरण्यालाही.

ही जुळवाजुळव करताना एक मजेची गोष्ट दिसते. 'गेट थ्रू' म्हणजे फोन लागणे. 'गेट विंड ऑफ' म्हणजे कुणकुण लागणे. 'गेट अराउंड टू' म्हणजे एखाद्या रखडलेल्या कामाला मुहूर्त लागणे. 'इट गॉट टू मी' म्हणजे ते मनाला लागलं. नोकरी लागली, अंधार पडायला लागला आणि जावं लागेल ही वर आलेलीच आहेत. दोन्ही क्रियापदांची कुळं वेगळी, तरी कामं इतकी सारखी. प्रत्येक 'गेट'चं 'लागणे' होतं असं मात्र मुळीच समजू नका. 'गेट अप'चं काय कराल?

वाहनांचा घोळ एकदा मिटवून टाका. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं, त्या बस, रेल्वे, विमान, जहाज यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. मोटारीसारख्या ज्या वाहनात वाकून शिरावं लागतं त्यांना 'गेट इन' आणि 'गेट आउट'. सायकलवर स्वार होतो, म्हणून तिलाही 'ऑन'. बसमधून 'गेट डाउन' होणं हे भारतात सगळ्यांना कळतं, पण बाहेर 'गेट डाउन' ऐकलं तर माणूस खाली वाकेल.

'कळणे' या अर्थाचं 'गेट' वेगळं काढून सांगतो, कारण मराठीतून येणारी एक चूक तिथे फार पक्की बसलेली आहे. 'मला कळत नाहीये' याचं 'आय ॲम नॉट गेटिंग' करू नका. या अर्थाने 'गेट' सहसा चालू काळात येत नाही, आणि त्याला कर्म हवं : 'आय डोन्ट गेट इट.' 'आय ॲम नॉट गेटिंग'ने समोरचा विचारील, काय मिळत नाहीये?

हे सगळं अंगवळणी पडलं का, हे तपासायला एकच वाक्य पुरे. 'आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट द बस, गॉट टू वर्क ॲट इलेव्हन, गॉट टोल्ड ऑफ, अँड स्टिल डोन्ट गेट व्हाय.' उशिरा उठलो, कपडे केले, बस पकडली, अकराला कामावर पोचलो, बोलणी खाल्ली, आणि का ते अजून कळलेलं नाही. मराठीत सहा निरनिराळी क्रियापदं आली. वाक्य वाचताना प्रत्येक ठिकाणी पुढच्या शब्दाने अर्थ ठरवला, हे पुन्हा एकदा हळू वाचून बघा.

राहिला प्रश्न लेखी इंग्रजीत 'गेट' टाळण्याचा. अर्धं खरं आहे. संशोधन निबंध, करार, औपचारिक अर्ज यांत 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' बरे दिसतात. कारण 'गेट' ढोबळ आहे आणि तिथे नेमकेपणा हवा असतो. 'वी गॉट द रिझल्ट्स'मधून निकाल तुमच्याकडे कुणी पाठवले की तुम्ही प्रयोग करून काढले, हे कळत नाही. पण काही शिक्षक विद्यार्थ्याच्या बोलण्यातूनही 'गेट' खुडून काढतात, ते मला मान्य नाही. 'आय ऑब्टेन्ड अ कोल्ड' असं कुणी म्हणत नाही, आणि मित्राला 'आय अराइव्ह्ड होम' असं लिहिलं तर ते कागदपत्रासारखं वाटतं. सहकाऱ्याला पाठवायच्या रोजच्या ईमेलमध्ये 'आय गॉट युअर मेसेज' पूर्णपणे सभ्य आहे. संस्थेच्या नावाने, अनोळखी माणसाला लिहीत असाल तर 'वी हॅव रिसीव्ड' लिहा. आणि करवून घेण्याच्या साच्यात 'गेट' औपचारिक वाटत नसेल तर तिथे 'हॅव' घाला : 'वी हॅड द डॉक्युमेंट्स चेक्ड.' अर्थ तोच राहतो.